कच्चे मडके

वर्ग बिघडवणाऱ्या मुलाचे काय करायचे, हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत जितक्या वेळा निघतो तितक्या वेळा पगाराचाही निघत नसेल. कुणी म्हणतो, त्याला मागच्या बाकावरून उचलून पहिल्या बाकावर बसवा. कुणी म्हणतो, बापाला बोलावून घ्या. छडीचा सल्ला देणारेही पूर्वी होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या मारहाणीवर आणि मानसिक छळावरही बंदी आणली, १ एप्रिल २०१० पासून तो कायदा लागू झाला, आणि छडी निदान कागदावर तरी हद्दपार झाली. प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला. पाठ चालू असताना उठून बसणारा, शेजाऱ्याला डिवचणारा, रागावले की दप्तर उचलून चालू लागणारा मुलगा आजही प्रत्येक वर्गात आहे.

हिंगोली जिल्ह्यात मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवले. या प्रश्नावरची भाषणे ऐकली, पुस्तके वाचली. पण मला सर्वांत उपयोगी पडले ते आमच्याच जिल्ह्यातल्या एका विद्यार्थ्याचे चरित्र. हा विद्यार्थी हट्टी होता, दिलेले काम करत नव्हता, आणि सगळ्यांसमोर कमी लेखले गेले तेव्हा भर सभेतून उठून गेला होता. हजेरीपटावर लिहायचे झाले तर त्याचे नाव नामदेव दामाशेट रेळेकर. आपण त्यांना संत नामदेव म्हणतो.

संतांच्या गोष्टी आपण हात जोडून ऐकतो. त्यामुळे त्या गोष्टींतली माणसे कशी वागली, का वागली, हे विचारायचे राहून जाते. नामदेवांच्या आयुष्यातले बरेच प्रसंग त्यांच्या गाथेतून, समकालीन संतांच्या नावावरच्या अभंगांतून आणि महिपतीबोवा ताहराबादकरांनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथातून आपल्यापर्यंत आले. इतिहासाच्या कसोटीवर त्यांतले किती उतरेल यावर विद्वानांचे वाद आहेत. जन्मगाव नरसी की पंढरपूर, इथपासूनच ते सुरू होतात. मी त्या वादात शिरत नाही. सातशे वर्षे लोकांनी ज्या गोष्टी जिवापाड जपल्या, त्यांत लोकांना काय पटले होते ते दिसते. शिक्षकाला तेवढे पुरे.

परंपरेने नामदेवांचा जन्म शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीचा, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७० चा मानतात. गाव नरसी बामणी, कयाधू नदीच्या काठचे. आज ते नरसी नामदेव म्हणूनच ओळखले जाते. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली वेगळा झाला, तेव्हा नव्या जिल्ह्याच्या वाट्याला हे गाव आले. वडील दामाशेट शिंपी, आई गोणाई. घरात विठ्ठलाची भक्ती आधीपासूनची. कुटुंब पुढे पंढरपुरी राहिले, आणि नामदेवांचे बाळपण चंद्रभागेच्या वाळवंटात गेले.

त्या बाळपणाची गोष्ट प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. वडील गावाला गेले, नैवेद्य घेऊन नामा देवळात गेला, आणि देव खात नाही हे पाहून हटून बसला. देवाने खाल्ल्याशिवाय तो हलेना. शेवटी देवाला खावे लागले. आजी ही गोष्ट भक्तीची म्हणून सांगते. मी तिच्याकडे पाहतो तेव्हा मला एक असा मुलगा दिसतो, ज्याला फार लहानपणी कळले की आपण हटून बसलो की प्रत्यक्ष देवसुद्धा ऐकतो. ज्याला असा अनुभव आला, तो मोठेपणी कुणाचे सहजासहजी ऐकेल का?

दुसरी गोष्ट कापडाची. बापाने बाजारात कापड विकायला पाठवले, तर नामाने ते रानातल्या दगडांना उधारीवर दिले आणि एका धोंड्याला जामीन धरून तो हात हलवत घरी आला. घरच्यांच्या डोक्याला हात. गोणाई आणि राजाई यांच्या नावावर जे अभंग आहेत, त्यांत हीच तक्रार आहे: हा संसाराकडे बघत नाही, दुकानाकडे बघत नाही, ह्याचे कसे व्हायचे? शिक्षक-पालक सभेत आजही हेच ऐकू येते. मुलगा वाईट नाही, पण दिलेल्या कामात त्याचे मन नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. नामदेव विशीत आहेत. ज्ञानेश्वर, निवृत्तिनाथ, सोपानदेव, मुक्ताबाई यांच्याशी ओळख झाली आहे. सारे संत तेरच्या गोरोबाकाकांकडे जमले आहेत. गोरोबा कुंभार, आणि वयाने सर्वांत वडील, म्हणून सगळ्यांचे काका. कोपऱ्यात त्यांचे थापटणे पडलेले मुक्ताबाईला दिसले. हे कशाला, असे तिने विचारले. मडके कच्चे की पक्के ते याने थापटून कळते, असे काकांनी सांगितले. मग इथे बसलेल्यांपैकी कच्चे कोण आणि पक्के कोण तेही बघा, असे त्या पोरीने सुचवले. मुक्ताबाई तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची असेल.

काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे शांत बसून राहिले. नामदेवांची पाळी आली, आणि त्यांनी ते सहन केले नाही. हा काय प्रकार, म्हणून ते रुसले, रागावले. काकांनी निकाल दिला: बाकी सगळी मडकी भाजलेली, हे एवढे कच्चे. सभा हसली. नामदेव उठले आणि तडक पंढरपूरला निघून गेले.

या प्रसंगाकडे शिक्षकाच्या नजरेने पाहा. काकांचा निकाल चुकला होता असे परंपरा कुठेही म्हणत नाही. नामदेव कच्चे होतेच. आपण देवाचे लाडके, हा त्यांचा अहंकार होता. पण खरा निकालसुद्धा दहा जणांसमोर, हसण्याच्या गलक्यात दिला की ऐकणाऱ्याच्या कानात फक्त हसणे शिरते. निकाल बाहेरच राहतो. रुडॉल्फ ड्रायकर्स (१८९७–१९७२) हे व्हिएन्नातून अमेरिकेत गेलेले मानसोपचारतज्ज्ञ. वर्गातल्या मुलांविषयी त्यांनी पुष्कळ लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, वाकडे वागणारे मूल बहुधा आपली जागा शोधत असते. ती सरळ मार्गाने मिळत नाही असे वाटले की ते लक्ष वेधून घेते, मग सत्ता दाखवू बघते, मग सूड घेते, आणि तेही जमले नाही तर हात टेकून बसते. पंढरपुरात ज्याची जागा देवाच्या शेजारी होती, त्याला तेरच्या त्या अंगणात एकदम सगळ्यांच्या खाली बसवले गेले. तो उठून गेला यात नवल नाही.

पंढरपूरला जाऊन नामदेवांनी काय केले? घरी जाऊन मूल करते तेच. विठ्ठलाकडे तक्रार केली. इथे मला या गोष्टीतला सर्वांत मोलाचा भाग दिसतो. अशा वेळी पालकांच्या दोन तऱ्हा असतात. एक बाप दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मास्तरांना जाब विचारतो. दुसरा पोरालाच दोन ठेवून देतो. विठ्ठलाने यातले काहीच केले नाही. त्याने लाडक्या नामाला जवळ घेतले, पण संतांना चुकीचे ठरवले नाही. ते म्हणतात ते खरे आहे, तुला गुरू नाही, असे त्याने सांगितले. तेवढ्यावर न थांबता पत्ताही दिला: औंढ्या नागनाथाला जा, तिथे विसोबा खेचर भेटतील. माया आणि सत्य एकाच आवाजात सांगणे किती अवघड असते, हे ज्यांच्या घरात वाढत्या वयाची मुले आहेत त्यांना सांगायला नको.

पाठवले कुणाकडे, तेही पाहण्यासारखे आहे. विसोबांचा आधीचा इतिहास काही चांगला नाही. परंपरा सांगते की हेच ते आळंदीचे विसोबा चाटी, ज्यांनी संन्याशाची पोरे म्हणून ज्ञानेश्वरांच्या भावंडांचा छळ मांडला होता. दिवाळीला मांडे भाजायला खापर आणायला मुक्ताबाई कुंभारवाड्यात गेली, तर विसोबांनी कुंभारांना दम भरला आणि त्या पोरीला मारून परत पाठवले. ती रडत घरी आली. ज्ञानेश्वरांनी विसोबांना शिव्याशाप दिले नाहीत, उलट वारही केला नाही. योगबळाने स्वतःची पाठ तापवली आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले. चोरून बघणारे विसोबा ते पाहून कोसळले आणि त्याच पोरांच्या पायावर आले. पुढे ते औंढ्याला राहिले. म्हणजे नामदेवांना जे गुरुजी मिळाले, ते स्वतः एके काळी गावातले सर्वांत दांडगे विद्यार्थी होते. शांत, शहाणा, पहिला नंबर काढणारा मुलगा पुढे शिक्षक झाला की त्याला मागच्या बाकावरचे मन कळायला वेळ लागतो. विसोबांना ते मन आतून ठाऊक होते.

औंढा नागनाथाचे देऊळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचा प्रसंग डोळ्यांसमोर आणता येईल. बाहेरून नक्षीकामाने भरलेले दगडी देऊळ, आत मात्र पिंडी जमिनीखालच्या लहानशा गाभाऱ्यात. अरुंद वाटेने वाकून खाली उतरावे लागते. नामदेव तिथे पोहोचले तेव्हा एक म्हातारा चक्क पिंडीवर पाय टाकून झोपला होता. नामदेव संतापले. देवावर पाय ठेवतोस, तुला लाज नाही का, अशा अर्थाचे ते बोलले. काल ज्याला सगळे कच्चे म्हणाले, तोच आज दुसऱ्याची परीक्षा घेत होता.

इथे विसोबांना काय काय करता आले असते! मीच तुझा गुरू, आधी नमस्कार कर, असे म्हणता आले असते. तासभर वेदान्त सांगता आला असता. हीच का तुझी रीत, म्हणून दटावता आले असते. त्यांनी यातले काही केले नाही. आपण म्हातारे झालो, पाय उचलवत नाहीत, तेव्हा जिथे पिंडी नसेल तिथे तूच ते उचलून ठेव, एवढेच त्यांनी सांगितले. नामदेवांनी पाय उचलून बाजूला ठेवले, तर तिथे पिंडी. दुसरीकडे ठेवले, तिथेही पिंडी. पाय हातात घेऊन तो तरुण गाभाराभर फिरला आणि अखेर थांबला. देव नाही अशी जागाच त्याला सापडली नाही.

चमत्कार क्षणभर बाजूला ठेवा आणि त्या गाभाऱ्यात नेमके काय घडले ते बघा. तिथे प्रेक्षक नव्हते. हसायला कुणी नव्हते. गुरूने शिष्याला चूक म्हटले नाही, त्याचा राग खोटाही ठरवला नाही. उलट त्या रागालाच काम दिले. उत्तर गुरूने सांगितले नाही, ते शिष्याच्या स्वतःच्या हातांनी शोधले. आणि हे सगळे होण्यासाठी गुरूने आपला मान आधी खाली ठेवला. शिव्या खाल्ल्या, आणि आपले पाय त्याच मुलाच्या हाती दिले. तेरच्या अंगणात डोक्यावर थापटणे बसले तेव्हा जो शिकला नाही, तो इथे न मारता, न हसता, न समजावता शिकला. निकाल तोच होता. तो पोहोचवण्याची रीत निराळी होती.

आता माझे सहकारी म्हणतील, आणि म्हणतातच, की विसोबांना एकच विद्यार्थी होता. कायद्याने प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे ठरवले असले, तरी प्रत्यक्षात एकच गुरुजी दोन वर्ग सांभाळतो अशा शाळा आहेत. गाभाऱ्यातला एकान्त आणायचा कुठून? ही अडचण खरी आहे. पण एकान्त म्हणजे तासभर नव्हे. घंटा झाल्यावर सगळे बाहेर पळतात तेव्हा त्या एकाला फळा पुसायला थांबवून ठेवले तरी पाच मिनिटे मिळतात. जे वर्गासमोर सांगून एक महिना फुकट गेला, ते त्या पाच मिनिटांत निघते असा माझा अनुभव आहे. शेवटी हेही खरे की, प्रत्येक मूल नामदेवांसारखे नुसते हट्टी नसते. कुणाला फळ्यावरचे दिसत नसते, कुणाला ऐकू कमी येते, कुणी उपाशी आलेले असते, कुणाच्या घरी रोज रात्री भांडण असते. अशा ठिकाणी आधी डॉक्टर लागतो, भाकरी लागते. गोष्टीने भागत नाही.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. दिवाळी झाली की कितीतरी घरे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात. मागे आजी-आजोबा असतील तर मूल गावात राहते, नसतील तर तेही बैलगाडीत किंवा ट्रकात बसते. परत येते तेव्हा वर्ग चार धडे पुढे गेलेला असतो. काही समजत नाही, म्हणून ते चुळबुळ करते, इतरांना त्रास देते. मग कुणीतरी भर वर्गात म्हणते की याचे मडके कच्चेच. वर्ग हसतो. ते मूल उठते आणि जाते. नामदेव उठून गेले तेव्हा त्यांना औंढ्याचा पत्ता देणारा कुणीतरी होता. या मुलाला बहुधा कुणीच नसते. शाळा सुटणे हा शब्द आपण फार हलकेपणाने वापरतो. पुष्कळदा ती सुटत नाही, एखाद्या शेऱ्याने आणि त्यावरच्या हसण्याने हातातून सोडवली जाते.

कच्चे ठरलेल्या त्या मडक्याचे पुढे काय झाले, ते साऱ्या देशाने पाहिले. एक प्रसंग पुन्हा देवळातला आहे, आणि लोक तो औंढ्याशी जोडतात. कीर्तनात रंगलेल्या नामदेवांना जातीमुळे देवळातून उठवून लावले गेले. त्यांनी आपली कांबळी उचलली, देवळाच्या मागे जाऊन बसले आणि तिथे गात राहिले. लोक सांगतात की देऊळच त्यांच्याकडे फिरले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातल्या नामदेवांच्या पदांत ही हकीकत आली आहे. मला यात देऊळ फिरण्यापेक्षा मोठे वाटते ते नामदेवांचे बसून राहणे. तेरला हसणे सोसले नाही, तोच माणूस इथे धक्के खाऊनही तक्रार घेऊन पळाला नाही. अन्याय त्याने मान्य केला नाही, आणि आपले गाणेही थांबवले नाही. मूळचा हट्ट तसाच होता, फक्त त्याला दिशा मिळाली होती.

मग ते स्वतः शिकवू लागले. कीर्तनाच्या रंगणात त्यांनी शेतकरी, कुंभार, माळी, बायाबापड्या यांना गोळा केले. त्यांच्या घरात काम करणारी जनाबाई अभंग रचू लागली, बायको-मुले रचू लागली. गावकुसाबाहेरचे चोखोबा त्यांना आपले गुरू मानत. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि पंढरपुरात महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. ज्याला एकदा सभेबाहेर व्हावे लागले होते, त्याने आयुष्यभर बाहेरच्यांना आत घेतले.

१२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली, त्याचे वर्णन नामदेवांनी अभंगांत करून ठेवले आहे. पुढे ते उत्तरेकडे निघाले आणि पंजाबात दीर्घकाळ राहिले. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांचे स्थान आहे. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी ग्रंथसाहिबाचे संकलन केले, त्यात नामदेवांची ६१ पदे आली. २०१५ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच घुमानला भरले होते. कयाधूच्या काठचा शिंप्याचा मुलगा परमुलखात, परक्या भाषेत शिकवून आला, आणि तिथल्या लोकांनी त्याचे शब्द आपल्या धर्मग्रंथात ठेवले.

शके १२७२ च्या आषाढ वद्य त्रयोदशीला, ३ जुलै १३५० रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी नामदेवांनी पंढरपुरात समाधी घेतली, असे परंपरा मानते. जागा त्यांनी स्वतः निवडली, ती महाद्वाराची पायरी. येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांचे पाय आपल्या माथ्यावर पडावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. पिंडीवर कुणाचे पाय दिसले म्हणून जो औंढ्याच्या गाभाऱ्यात संतापला, त्याने शेवटी साऱ्यांच्या पायाखालची जागा मागून घेतली. विसोबांनी दिलेला धडा इतका खोल गेला होता. थापटण्याने तो गेला नसता.

आज पंढरपूरला गेलात तर गर्दीतही एक गोष्ट दिसेल. वारकरी त्या पायरीवर पाय देत नाहीत. वाकून हात लावतात, तो हात कपाळाला लावतात आणि पायरी ओलांडून आत जातात.